मागे राहिलेला केर

बडोद्याला ताईकडे राहून सकाळी घरी पोचलो आणि बॅगा दारातच टाकून आम्ही चौघं जे आडवे झालो, ते संध्याकाळीच उठलो. आठवडाभर बंद असलेल्या घरात फरशीवर धुळीचा थर होता. केरसुणी घेऊन दोन हात मारले आणि दम लागला म्हणून तिथेच खाली टेकले.

पाहुणचार घेणाराही दमतो. दुसऱ्याच्या घरी सात दिवस हसऱ्या तोंडाने राहायचं, भूक नसताना अजून एक पोळी घ्यायची. करणारीचं तर विचारूच नये. पाचव्या दिवशी दुपारी ताई ओट्याला टेकून उभ्या उभ्या डोळे मिटून होती. माझी चाहूल लागताच म्हणाली, "चहा टाकू का गं?" आता आपण निघावं, असं मला तेव्हा वाटलं. तिलाही वाटलं असेल.

निघताना मात्र दोघींचे डोळे भरले. तिच्या हॉलभर माझ्या मुलांनी सांडलेला चिवडा तुडवला गेला होता. मी केरसुणी उचलली, तर तिने ती काढून घेतली. "आता नको. माणसं पोचेपर्यंत मागे केर काढायचा नसतो, आई सांगायची ना. पोचलीस की फोन कर."

हे आत्ता आठवलं आणि माझ्या हातातली केरसुणी गळून पडली. फोन लावला. पहिल्याच रिंगला तिने उचलला.

"ताई, सकाळीच पोचलो गं. झोपच लागली."

"असू दे, दमला असाल," ती म्हणाली. "चल, आता केर काढते."