शकुनबाईंची अंगणातली बैठक

शकुनबाईंना 'आता आराम करा' म्हणायची अमरावतीच्या फुलबाजारात कुणाची टाप नव्हती. मी आरती, त्यांची सून; माझीही नव्हती. ते धाडस माझ्या नवऱ्यानं, मनोजनं केलं. संधिवातानं सासूबाईंची बोटं थंडीत आखडायची, सुई धरता यायची नाही. हिवाळ्यापुरती हार करायला बाई लावू, तू पांघरूण घेऊन आत बस, असं तो म्हणाला. सासूबाईंनी त्याच्याशी बोलणंच टाकलं. लग्नाचा हार करावा तर त्यांनीच. वरात संपली तरी पाकळी सुटायची नाही. सुई हातातून गेली की आपण घरातलं एक जास्तीचं माणूस होऊ, याची त्यांना धास्ती होती. मला ती कळत होती, मनोजला कळत नव्हती, म्हणून मला त्याचा रागही येत होता.

बरं, घरात बसून हार करावेत तर उबेनं फुलं मलूल होतात. म्हणून काम अंगणातच आणि पहाटेच.

आईचा अबोला सोसेना, तेव्हा मनोजनं डोकं चालवलं. चिखलदऱ्याच्या ज्या हॉटेलला आम्ही फुलं देतो, त्यांनी बाहेर उभा करायचा गॅसचा जुना हीटर विकायला काढला होता. माणसापेक्षा उंच, खाली सिलिंडर, वर छत्रीसारखं डोकं. गॅसच्या मिस्त्रीनं नळी आणि रेग्युलेटर नवे बसवले, जोडांवर साबणाचं पाणी लावून गळती तपासली आणि बजावलं, की हा सपाट जागी आणि उघड्यावरच लावायचा, वर किंवा आजूबाजूला पेटणारं काही नको. आम्ही शहाण्यासारख्या माना डोलावल्या आणि तो नेऊन अंगणावरच्या हिरव्या जाळीखाली उभा केला.

वऱ्हाडातल्या कुणी याला हसू नये. एप्रिलच्या उन्हासाठी अंगणावर जाळी बांधायची आणि मग वर्षभर सोडायची नाही, ही घरोघरची रीत आहे. ती डोक्यावर आहे हे आम्हाला दिसेनासंच झालेलं असतं.

पहिल्याच पहाटे प्लास्टिक जळाल्याचा वास आला. वर जाळी आक्रसून वितळत होती. सासूबाईंनी आरडाओरडा केला नाही. मला गॅस बंद करायला लावला आणि फुलांच्या टोपल्या मागे ओढल्या. मनोजचं म्हणणं, भोक पडलंच आहे तर त्याखालीच ठेवू, उन्हाळ्यात पुन्हा जाळी कोण बांधणार?

"जाळी सोड आधी," त्या म्हणाल्या. "मले ऊब पायजे, आग नाई."

जाळी उतरली. मग सासूबाईंनी अंगणाचा ताबाच घेतला. हीटर भिंतीपासून आणि कपड्यांच्या दोरीपासून लांब. आम्हा दोघींची बैठक भिंतीच्या आडोशाला, म्हणजे वारं लागत नाही आणि ऊब समोरून येते. फुलं पलीकडे, ओल्या फडक्याखाली. पदर खोचल्याशिवाय कुणी जवळ फिरकायचं नाही, चहाला उठलं तरी गॅस बंद, आणि पुरता गार झाल्याशिवाय हीटर हलवायचा नाही. आधी बोटं शेकायची, मग सुई धरायची. मनोजशी बोलणं सुरू झालं होतं, पण ते बहुतेक हुकूमच असायचे. तो मुकाट्यानं ऐकत होता, आणि खरं सांगते, मला मजा वाटत होती.

पण बाई लावायचा विषय त्यानं सोडलेला नव्हता. जानेवारीत एका मोठ्या लग्नाच्या दिवशी पहाटे असं वारं सुटलं, की हीटरची ज्योत टिकेना. हार न्यायला माणसं येणार होती. सासूबाईंच्या मांडीवर अर्धा हार आणि बोटं पुन्हा आखडलेली. मनोज म्हणाला, हीटर पडवीत घेऊ, शटर ओढून घेऊ, जरा वेळचा तर प्रश्न आहे. नाहीतर बाजारातून बाई बोलावतो.

बंद जागेत गॅस जळला की विषारी हवा साठते आणि तिचा वासही येत नाही, हे मिस्त्रीनं सांगितलं होतं. तरी मला वाटलं, आज त्या हो म्हणतील. त्यांची सगळी शान त्या अर्ध्या हारात अडकली होती.

"माया हातानं नाई झाला तं नाई झाला," त्या म्हणाल्या. "बोलाव बाई. पन आरतीले मी त्या हवेत नाई बसवत."

मनोज फोन काढून उभा होता. त्यानं तो तसाच खिशात टाकला. हीटर बंद करून, हात काखेत घालून आम्ही तिघंही वारं पडायची वाट बघत बसलो. उजाडता उजाडता ते पडलं. ज्योत पुन्हा धरली, बोटं हळूहळू सुटली, आणि त्यानंतर सासूबाईंनी मान वर केली ती शेवटची गाठ मारूनच. माणसं दारात येऊन उभी होती. सासूबाईंनी हार मनोजच्या हातात ठेवला.

"उद्या फुलं जास्त आन," त्या म्हणाल्या. "आन बाई लावाचीच असन, तं टोपल्या उचलाले लाव."