दोन गरम औषधं

चहा घ्या आधी. आणि मी सांगते ते ऐकताना मधे हसायचं नाही, कारण इतकी वर्षं झाली तरी त्या आठवणीनं माझं डोकं अजून तापतं. गाढवपणा माझाच होता, म्हणून तर जास्त तापतं.

दोन हजार चार-पाचची गोष्ट. आमचे हे मनमाडला रेल्वेत होते. रिटायर झाल्यावर आम्ही नाशिकरोडला राहायला आलो आणि वर्षाच्या आत यांची कंबर दुखायला लागली. तपासण्या झाल्या. प्रोस्टेटचा कॅन्सर, तोही हाडांत उतरलेला. ऑपरेशनची वेळ गेली, डॉक्टर म्हणाले. पुरुषांच्या अंगातल्या हार्मोनवर हा कॅन्सर जगतो, तर ते हार्मोनच तोडायचं. म्हणून आधी रोजची गोळी सुरू केली आणि आठवड्यानं पोटात एक सुई दिली, महिनाभर पुरणारी.

"दोन्ही चालू ठेवायचं हं काकू," डॉक्टर म्हणाले. कारणही सांगितलं असेल. मी रडत होते, मला काय ऐकू येणार?

सुईनंतर काही दिवसांत यांना घाम सुटायला लागला. कसला घाम म्हणून विचारता? डिसेंबरातलं नाशिक, मी स्वेटरवर स्वेटर चढवलेला, आणि हे बनियनवर पंख्याखाली. चेहरा लालबुंद. जरा वेळानं गार पडायचे आणि शाल मागायचे.

"उष्णता झालीय तुम्हाला," मी जाहीर करून टाकलं.

आता आमच्या घरचा कायदा असा, की एका वेळी एकच औषध. गोळी गरम, सुईही गरम, आणि दोन्ही एकाच पोटात घालून त्या डॉक्टरनं धडधाकट माणूस उकळायला ठेवलाय, असा संताप आला म्हणून सांगू. पोरगेलासा डॉक्टर, त्याला पथ्यपाणी काय कळणार? सुई तर आत गेलेली, ती काढता येईना. मग मी गोळी बंद केली. सकाळी सब्जा, रात्री गुलकंद. यांना ठोकून दिलं, की डॉक्टरांना विचारलंय.

घाम थांबला नाहीच. उलट कंबर अशी धरली की यांना पलंगावरून उठवेना. पायांना मुंग्या. मी घाबरले, आणि मी घाबरले की मला रागच येतो. तशीच यांना घेऊन गेले आणि डॉक्टरांच्या खोलीत शिरता शिरता तोंड सोडलं.

"चालता-फिरता माणूस तुमच्या सुईनं अंथरुणाला खिळला. दोन दोन गरम औषधं कोण देतं हो?"

डॉक्टरांनी माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. यांना पाय उचलायला लावले, बोटं हलवायला लावली. मग विचारलं, "काका, गोळी चालू आहे ना?"

"बंद केली की. तुम्हीच सांगितलंत ना हिला?" हे म्हणाले.

डॉक्टरांचे कान लाल झाले. "काकू, ही सुई पहिले काही दिवस ते हार्मोन वाढवते, मग तोडते. वाढलेलं हार्मोन कॅन्सरला मिळू नये म्हणून सोबत गोळी असते. तुम्ही ती नेमकी तेव्हाच काढून घेतलीत. मणक्यातला कॅन्सर फुगून नस दाबली गेली असती, तर काकांचे पाय गेले असते."

"आणि घाम?" मी अजून भांडतेच आहे.

"गोळीनं हार्मोन अडलं की होतो. बायकांना पाळी जाताना होतो ना, तोच."

अहो, तो मी चार वर्षं भोगलाय. शाळेत फळ्यासमोर उभी राहून निथळलेय. तोच घाम घरात माझ्या डोळ्यांसमोर, आणि मला सब्जा सुचला.

गोळी तिथल्या तिथे सुरू झाली. दोन दिवस यांना दवाखान्यात ठेवून घेतलं. मुंग्या गेल्या, दुखणं उतरायला लागलं, पाय वाचले. पण माझा राग? तो कुठे काढायचा? डॉक्टरवर काढावा, तर त्याची चूक नाही. यांच्यावर काढावा, तर हे आत्ता कुठे उठून बसलेले. स्वतःवर ओरडायची मला सवय नाही.

घरी येताना द्वारका चौकाजवळ रिक्षा खड्ड्यात आदळली आणि मी जी सुटले त्या रिक्षावाल्यावर! लायसन कुणी दिलं तुला, इथपासून.

तो बिचारा वळून म्हणाला, "मावशी, रस्ताच खराब हाय. मी काय केलं?"

तेवढ्यात शालीतून यांचा आवाज आला, "काही नाही केलंस रे बाबा. दोन दिवस शोधतेय ही, तू सापडलास."