पेट्रोलच बसवा

बाबांची गाडी पेट्रोलपेक्षा ऑइलच जास्त पिते, असं दादा म्हणायचा, आणि त्यात फार खोटं नव्हतं. पेणहून रोह्याला येताना नागोठण्याच्या पुढे खिंड लागते. त्या चढावर गाडीमागे निळा धूर असा काही सुटायचा की मागच्या एस.टी.चा ड्रायव्हर हॉर्न वाजवून वाजवून दमायचा. माझ्या दारात गाडी थांबली की बॉनेटखालून जळक्या तेलाचा वास यायचा. बाबा उतरायचे, रुमालानं मान पुसायचे आणि म्हणायचे, "मस्त आली."

ही नव्वदच्या आसपासची गोष्ट. लग्न होऊन मी रोह्याला आले होते. नवरा कंपनीत शिफ्टला जायचा आणि आम्ही गावाला लागूनच वरशात दोन खोल्यांच्या नव्या घरात राहत होतो. माहेर पेणला, आणि पेणला माहेर म्हणजे गणपतीचा कारखाना हे ओघानंच आलं. आमचा कारखाना मागच्या पडवीत सुरू झाला आणि हळूहळू घरभर पसरला. शेवटी आमची झोपायची जागाही गणपतींनी घेतली. तिथे बाबा आणि थोरला दादा दोघं काम करायचे.

आई गेल्यावर बाबांनी एक नेम धरला. रविवारी सकाळी गाडी काढायची, माझ्याकडे यायचं, जेवायचं, नातीशी पत्ते खेळायचे आणि दिवस मावळायच्या आत पेणला परत जायचं. मुक्काम करायचा नाही. लेकीच्या घरी बापानं रात्र काढायची नाही, ही त्यांच्या घरची जुनी रीत. ही रीत माझ्या डोक्यात जायची. मी भांडायचे, ते हसायचे, आणि ऊन उतरलं की चावी शोधायला लागायचे. एस.टी.नं यायला ते तयार नसत, कारण शेवटची गाडी चुकली तर लेकीच्या ओट्यावर पथारी पसरावी लागेल, ही त्यांना धास्ती. स्वतःची गाडी होती म्हणून ते परत जाऊ शकत होते, आणि परत जाऊ शकत होते म्हणूनच येत होते. गाडी बंद पडली की माझे रविवार संपले, हे मला पक्कं ठाऊक होतं.

त्या उन्हाळ्यात पेणच्या मिस्त्रीनं इंजिन उघडून बघितलं आणि हात झटकले. झिजलेले सिलिंडर घासून दोनदा बोअर मारून झालं होतं, आता ब्लॉकमध्ये घासायला काही उरलं नव्हतं. दोन रस्ते होते. मुंबईहून, मोडीत निघालेल्या गाडीचं जुनं पेट्रोल इंजिन आणायचं. ते आधी किती पळालंय ते देव जाणे. नाही तर तेव्हा सगळे करत होते तसं डिझेल इंजिन बसवायचं. दादाचा जीव डिझेलवर जडला होता. स्वस्तात पळेल, दहा वर्षं बघायला नको, वर मूर्ती पोचवायलाही कामाला येईल. मीही त्याच्याच बाजूची. गाडी टिकली की माझे रविवार टिकले, एवढा साधा हिशेब.

बाबा मात्र हटून बसले. डिझेल थरथरतं, म्हणाले, शाडूच्या कच्च्या मूर्तीची बोटं जातील. पेणमध्ये हे कारण दिलं की समोरच्याचं तोंड बंद होतं. पण दादाही त्यांचाच मुलगा. पेणजवळच्या गडब गावात बाबांच्या ओळखीच्या एका दुकानदाराकडे अगदी आमच्यासारखीच गाडी होती, आणि त्यानं नुकतंच तिला डिझेल इंजिन बसवलं होतं. दादानं ती एका रविवारपुरती मागून आणली, मागच्या सीटवर पेंढा अंथरला, त्यावर एक वाळलेली, रंग न दिलेली मूर्ती बसवली आणि बाबांना म्हणाला, जा रोह्याला, आणि परत आल्यावर बोटं मोजू. इंजिनाची परीक्षा गणपतीकडून घ्यायची, हे आमच्या घरातच सुचू शकतं.

बाबा आले ते ठरल्या वेळेला. मी आधी मागचं दार उघडलं. मूर्तीला साधा ओरखडासुद्धा नव्हता. खिंडीतला तो सगळा रस्ता, आणि सोंडेचं टोक जिथल्या तिथे! मी जिंकल्यासारखी हसले. बाबा हसले नाहीत. जेवताना त्यांनी भात डाव्या हातानं वाढून घेतला. मला वाटलं, हरले म्हणून रुसलेत.

दुपार कलल्यावर ते निघाले. आमची गल्ली अरुंद, शेवटाला भिंत. गाडी मागेपुढे करत, जागच्या जागी स्टिअरिंग फिरवत वळवावी लागायची. आपली गाडी ते तिथे लीलया वळवायचे. त्या दिवशी मी खिडकीत भांडी विसळत होते. गाडी थोडी मागे आली आणि थांबली. थोडी पुढे गेली, पुन्हा थांबली. मग बराच वेळ नुसतं इंजिन धडधडत राहिलं. मी हात पुसत बाहेर गेले. बाबांचा उजवा हात मांडीवर पडला होता आणि चेहरा घामानं निथळत होता. डाव्या हातानं ते स्टिअरिंगचं चाक ओढत होते, आणि ते हलत नव्हतं.

डिझेल इंजिन वजनाला भारी. सगळा भार पुढच्या चाकांवर येतो, आणि उभ्या गाडीत स्टिअरिंग दगडासारखं होतं. चालत्या गाडीत हे जाणवत नाही, म्हणून रोह्यापर्यंत निभावलं. आणि बाबांचा खांदा? चाळीस वर्षं माती मळून, साच्यात दाबून तो कधीच निकामी झाला होता. आम्हाला कुणाला सांगितलं नव्हतं, एवढंच.

नवरा डबल शिफ्टला गेलेला. शेजारच्या टेम्पोवाल्याला हाक मारते, मी म्हटलं. त्यांनी माझं मनगट धरलं.

"कोणाला बोलावू नको गो. दादाला तर सांगूच नको. त्याला कळलं तर चावी काढून घेईल, आणि मग कसला रविवार नि कसला काय."

ज्या डिझेलसाठी मी इतके दिवस घसा कोरडा केला, ते आलं असतं तर बाबा माझ्या दारात आले नसते, आणि का आले नाहीत हेही कधी बोलले नसते. थरथरीचं कारण देऊन हा माणूस एकट्यानं माझे रविवार सांभाळत होता, आणि मी त्यांना हट्टी म्हणत होते.

खांदा इतका धरला होता की हात वर होईना. त्यात गाडी चालवणं शक्यच नव्हतं. मी समोरच्या वाण्याकडून पेणला शेजारी फोन लावला आणि निरोप ठेवला, की बाबांना उशीर झालाय, ते इथेच राहतायत. खोबरेल तेल गरम करून मी त्यांचा खांदा चोळला. माझ्या लग्नानंतर पहिल्यांदा बाबा माझ्या घरी झोपले. घोरले सुद्धा. मी जागी राहून ते घोरणं ऐकलं आणि मला इतका आनंद झाला की त्याची लाज वाटली, कारण ते दुखण्यामुळे राहिले होते.

सकाळी हात जरा सैल झाला. ते आत बसले, मी खिडकीबाहेर उभी राहिले आणि दोघांनी मिळून चाक ओढलं. ते "आता" म्हणायचे की मी सगळा भार टाकायचे. गाडी वळली तेव्हा दोघंही धापा टाकत होतो.

मग मला आठवलं, मूर्ती तर धडधाकट होती. ती तशीच पेणला गेली असती तर त्याच दिवशी डिझेल बसलं असतं. मी मागचं दार उघडलं आणि आशीर्वादाच्या हाताच्या बोटांवर चिमूट धरली. बाहेरच्यांना ऐकून कसंसं होईल, पण आम्ही कारखान्यातली माणसं. डोळे आखेपर्यंत आमच्या लेखी ती मातीच असते. तरीही मी आधी मनातल्या मनात हात जोडले. बाबा आरशातून बघत होते.

"एकच मोड," ते म्हणाले. "चारही गेली तर त्याला खरं वाटायचं नाय."

मी मधलं बोट मोडलं, कागदात गुंडाळून त्यांच्या खिशात ठेवलं आणि त्यांना पाठवून दिलं.

पुढच्याच आठवड्यात दादा मुंबईला जाऊन पेट्रोल इंजिन घेऊन आला. डिझेलचं नावसुद्धा काढलं नाही. मला आश्चर्य वाटलं, कारण दादा इतक्या सहजासहजी ऐकणारा नव्हे. मी पेणला गेले तेव्हा तो तीच मूर्ती मांडीवर घेऊन बोट जोडत बसला होता. बाबा बाहेर गेले होते. मी म्हटलं, शेवटी बाबांचंच खरं ठरलं म्हणायचं. तो बोटावरनं ओला ब्रश फिरवत राहिला.

"हादऱ्यानं मोडायचं तर करंगळी जाते," तो म्हणाला. "मधलं बोट दोन्ही बाजूंनी धरलेलं असतं. इतकी वर्षं या घरात काढलीस आणि बोट नाय कळलं तुला."

त्यानं ब्रश पाण्यात बुडवला.

"आणि बोटाचं सोड. बाबा तुझ्याकडे रात्री राहिले, असा निरोप आला तेव्हाच मी समजलो की खांदा गेला. धड असते तर ते रात्री चालत निघाले असते, पण राहिले नसते." मग मूर्ती खाली ठेवत म्हणाला, "त्यांना सांगू नको मला कळलंय ते."

अशा रीतीनं आमच्या घरात सगळ्यांना सगळं ठाऊक झालं, आणि कुणी कुणाला काही सांगितलं नाही. इंजिन बसलं. ते काही फार मोठं गुणाचं निघालं नाही, पावसाळ्यात सुरू व्हायला कुरकुरायचं, पण हलकं होतं. त्यानंतरच्या पहिल्याच रविवारी बाबा आले आणि गल्लीच्या टोकाला त्यांनी गाडी एका दमात वळवून ठेवली. जेवले, नातीशी पत्ते खेळले, तिच्याकडून हरले. ऊन उतरलं तशी चावी हातात घेतली.

मला राहवलं नाही. म्हटलं, "एकदा राहिलातच की. आज राहा ना. कुठे काय बिघडलं?"

बाबांनी पायात चपला सरकवल्या.

"तेव्हा अडलो म्हणून राहिलो. न अडता राहिलो, रीत मोडली, तर पुढच्या रविवारी लाजेनं इकडे यायला पाय उचलायचा नाय गो माझा."

मला रडू येत होतं आणि त्या रीतीचा रागही येत होता. पण पुढचा रविवार मला हवा होता.

"मग निघा," मी म्हटलं. "खिंडीत अंधार व्हायच्या आत निघा."