चहा नको, पाणी द्या

धरणगावहून येणाऱ्या पहिल्या गाडीचे कंडक्टर त्या सकाळी आमच्या जळगावच्या घराच्या दारात येऊन उभे राहिले, तेव्हा मी शाळेत जायच्या घाईत होते. "पहाटे अक्का गेल्या," एवढंच ते म्हणाले. आमच्याकडे फोन नाही. पण असता तरी ही बातमी एस.टी.नंच यायला हवी होती, कारण माझ्या या थोरल्या नणंदेचं अर्धं आयुष्य एस.टी.तच गेलं. दारापुढच्या ओट्यावर माझ्या सासूबाई, म्हणजे अक्कांची आई, लसूण सोलत बसल्या होत्या. आम्ही त्यांना जिजी म्हणतो. त्यांनी मान वर केली आणि कंडक्टरला विचारलं, "परतनी गाडी कव्हय शे?" ऐंशीच्या घरातली आई, आणि साठीही न गाठलेली लेक... आणि हिला गाडीची वेळ सुचते! मला त्या क्षणी जिजींचा रागच आला, खोटं कशाला सांगू.

अक्का धरणगावला राहायच्या. नाना, त्यांचे यजमान, तिथल्या एका कापसाच्या जिनिंगमध्ये कामाला होते. माणूस अबोल, पण बायकोच्या पिशवीत न सांगता शेंगदाण्याची पुडी टाकणारा. अक्कांच्या सगळ्या उद्योगाला सुरुवात झाली ती ऐंशी सालानंतर, आणि तीही उडदाच्या पापडांवरून. आमच्याकडे उन्हाळ्यात पापड कुणी एकटी करत नाही. गल्लीतल्या बायका आपापलं पोळपाट-लाटणं घेऊन आज हिच्या घरी, उद्या तिच्या घरी बसतात. एका वर्षी अक्कांच्या लक्षात आलं, की समोरची द्वारका सगळ्यांकडे लाटायला येते, पण स्वतःकडे कुणाला बोलावत नाही. बाकीच्या म्हणाल्या, असेल तिला पापडांची नावड. अक्का सरळ तिच्या घरात जाऊन बसल्या आणि विचारलं. द्वारका म्हणाली, "मन्हा घर बलावसू तं बठ्ठास्ले च्या-पोहा कथाईन करू?"

सगळ्यांना चहा-पोहे कुठून घालायचे, खरं दुखणं ते होतं. एकमेकींच्या हाताला हात देण्याची रीत जुनीच, पण तिच्यावर पाहुणचाराचा बोजा इतका चढला होता, की जिला गरज जास्त तिलाच ती परवडेना. एकीनं चहा केला की दुसरी पोहे करणार, तिसरी लाडू वळणार, आणि चौथी दार लावून घेणार. अक्कांनी दुसऱ्या दिवसापासून नियम केला. कामाला गेलेल्या घरी चहा घ्यायचा नाही, काही खायचं नाही. पाणी मात्र प्यायचं. जी एक सकाळ देईल तिला एक सकाळ परत मिळेल. मग ती पापडाची असो, गोधडीची असो, नाहीतर बाळंतिणीजवळ बसण्याची. सकाळींत लहानमोठी नाही. लोक याला "अक्कानी सावड" म्हणू लागले. शेतकरी एकमेकांना आळीपाळीनं बैल देऊन सावड करतात, या बायका हातांची करत होत्या. मी एकदा म्हटलं, "अहो अक्का, मी बी.एड. झालेली बाई. माझी सकाळ नि लाटणं फिरवणाऱ्या बाईची सकाळ सारखीच?" त्या म्हणाल्या, "तुझ्या जळगावात सूर्य दोनदा उगवतो का गं?" कप्पाळ माझं! मी द्वारकाच्या मुलीला अपूर्णांक शिकवले आणि द्वारकानं येऊन माझ्या फाटक्या लुगड्यांची गोधडी शिवून दिली. ती अजून वापरात आहे. अपूर्णांकांचं काय झालं ते ठाऊक नाही.

एका गल्लीवर थांबल्या असत्या तर त्या अक्का कसल्या! आज रावेर, उद्या पहूर, परवा धुळ्याकडची कुठलीशी वाडी. कुणाची लेक दिलेली असे, कुणाची बहीण. त्या धाग्यानं त्या गावात शिरत आणि पहिली सकाळ स्वतः देत. मी एकदा हौसेनं सोबत गेले होते रावेरकडे. केळीवाल्यांचं मोठं घर, दारात ट्रॅक्टर. आम्ही सकाळभर शेवया केल्या आणि चहा आला तेव्हा अक्का म्हणाल्या, "चहा नको, पाणी द्या." घरच्या काकूंचा चेहरा पडला. "माय वं! आमच्या घरचा चहा कडू हाय का? काहून असं करता?" अक्कांनी त्यांना द्वारकाची गोष्ट सांगितली. काकूंना ती पटली नाही. आम्हाला निरोप द्यायलाही त्या बाहेर आल्या नाहीत. परतीच्या गाडीत मी घुश्शात होते, म्हटलं, एक कपभर चहानं काय बिघडलं असतं? अक्का खिडकीबाहेर बघत म्हणाल्या, "पुढच्या महिन्यात पुन्हा येऊ." आणि गेल्याही. तिसऱ्या खेपेला काकू स्वतः केळीच्या मळ्यातल्या मजुरणीच्या घरी धान्य निवडायला बसल्या, तेही चहाशिवाय. अक्कांचा चिवटपणा असा होता. वाद घालायच्या नाहीत, पुन्हा यायच्या.

पण चहापेक्षा पाणी अवघड निघालं. पहूरच्या अलीकडे एका गावात कौसाबाई नावाची बाई सावडीत आली. तिचं घर गावकुसाबाहेरच्या वस्तीत. कापूस वेचणीच्या दिवसांत तिनं किती जणींना आपल्या सकाळी दिल्या असतील! तिच्या घराची मागची भिंत पावसात खचली होती आणि तिनं तिथं तट्ट्या लावून हिवाळा काढला होता. होळीच्या पुढेमागे तिनं पहिल्यांदा आपल्या सकाळी मागितल्या. गावातल्या बायका आल्या, हे खरं. पण प्रत्येकीच्या कमरेवर घरून भरून आणलेली कळशी! एक जण साळसूदपणे म्हणाली, "अक्का, तुम्हीच म्हणता ना, घरधनिणीला तोशीस नको? म्हणून पाणीबी आमचंच आणलं." म्हणजे नियम पाळलाही, आणि पाण्याची अडचण टळलीही! कौसाबाई दाराशी उभी होती. तिनं सकाळीच रांजण घासून भरून ठेवला होता आणि वर नवा पांढरा कपडा बांधला होता. 

 अक्कांनी पदर खोचला, एकेक कळशी उचलली आणि भिंतीसाठी कालवायच्या मातीत रिकामी केली. "चिखल कोरडा पडला होता," म्हणाल्या, "बरं झालं आणलंत." आणि स्वतः चिखल तुडवायला उतरल्या. बायका एकमेकींच्या तोंडाकडे बघत राहिल्या. काही जणी रिकाम्या कळशा उचलून फणकाऱ्यानं निघून गेल्या. उरलेल्या कामाला लागल्या. हे सगळं मला नंतर कौसाबाईनंच सांगितलं. ऊन चढलं, भिंत कमरेइतकी आली, आणि घशाला कोरड पडली तरी कुणी रांजणाकडे वळेना. अक्कांनी ओंजळ धरली आणि कौसाबाईला म्हणाल्या, "वाढ." त्या पोटभर प्यायल्या. मग एक म्हातारी पुढे झाली, मग तिची सून. बाकीच्या तशाच तहानलेल्या घरी गेल्या. पण पुढच्या सकाळी त्यांतल्या दोघी परत आल्या, विनाकळशीच्या. भिंत उभी राहिली. सगळं गाव काही बदललं नाही, आणि अक्कांनीही तसं कधी सांगितलं नाही.

गावं जिंकणारी ही बाई हरली ती आमच्या घरी. रावेर-पहूरच्या गाड्या बदलायला त्या जळगावला आमच्याकडे उतरत. त्या भिंतीची आणि रांजणातल्या पाण्याची बातमी त्यांच्या आधी जिजींच्या कानावर पोचली होती. जिजींनी उंबऱ्यातच अडवलं. "पहिले आंग धोय, मंग घरमा ये." अक्का म्हणाल्या, "घाम उना म्हनीसन धोसू. पानी पिनी म्हनीसन नही." दोघी मायलेकी एका मातीच्या! जिजी सरकल्या नाहीत, अक्का आत आल्या नाहीत. त्या दिवशी मी त्यांना ओट्यावर ताट नेऊन दिलं. पुढची सगळी वर्षं माझी नणंद स्वतःच्या माहेरी ओट्यावर जेवली, ऊन असो, पाऊस असो. मी मधे पडून पाहिलं, माझ्या नवऱ्यानं आईला समजावलं, रागावलाही. जिजी आतून विचारायच्या, "भाजी दिनी का तिले?" आणि अक्का बाहेरून सांगायच्या, "दिनी." एका भिंतीच्या दोन बाजूंनी माया चालू होती, आणि मला दोघींचाही संताप यायचा. अक्का मला म्हणायच्या, "परक्या गावाला मी तीन खेपांत वळवते गं. आईच्या दारात किती खेपा घालायच्या, ते मोजायचं नसतं."

आणि आता खेपाच संपल्या...

आम्ही जिजींना घेऊन धरणगावला पोचलो. दुपारी सगळं उरकलं. नाना खांबाला टेकून बसले होते. आमच्याकडे त्या संध्याकाळी घरात चूल पेटत नाही. कडू घास बाहेरून येतो, सोयऱ्यांनी आणायचा असतो. तो ज्यांच्याकडे होता, ते सोयरे वाटेत अडकले होते. दिवे लागायच्या सुमाराला दारात बायका येऊन उभ्या राहिल्या, डोक्यावर टोपल्या घेतलेल्या. पुढे कौसाबाई. सकाळच्या त्या कंडक्टरांनी जळगावच्या स्टँडवर पहूरच्या गाडीवाल्याला सांगितलं होतं आणि निरोप तसाच पुढे गेला होता. मिळेल ती गाडी पकडून त्या आल्या होत्या. कौसाबाई उंबऱ्याबाहेरच थांबली आणि म्हणाली, "कोणी बोलावलं नाही, आमचे आम्हीच आलो. अक्कांच्या लई सकाळी राह्यल्या आमच्याकडं. त्यांनी कधी मागितल्याच नाहीत." टोपलीत भाकरी होत्या, आणि पितळेच्या डब्यात पिठलं.

माजघरात भाऊबंदांतल्या काही बायका खाली बघू लागल्या. अक्कांच्या एका चुलतसासूनं मला हळूच सांगितलं, "सोयरे येतीलच आता, थांबू जरा." मी जिजींकडे पाहिलं. ज्या बाईनं आयुष्यभर पाण्यासाठी हट्ट धरला, तिच्या मरणाच्या दिवशी तिच्याच घरातून या बायका टोपल्या घेऊन परत गेल्या, तर आम्ही कुठल्या तोंडानं तिचं नाव घेणार होतो? मी कौसाबाईला आत घेण्यासाठी उठतच होते. तेवढ्यात जिजी भिंतीला धरून उठल्या. मला वाटलं, त्या आतल्या खोलीत निघाल्या.

त्या दारात गेल्या. कौसाबाईच्या दंडाला धरून त्यांनी तिला आत आणलं, आपल्या शेजारी बसवलं आणि ताट पुढे ओढलं. भाकरीचा तुकडा मोडला, पिठल्यात बुडवला आणि तोंडात घातला. बराच वेळ चावत राहिल्या. दात नाहीत, त्यामुळे, की आणखी कशानं... मग कौसाबाईकडे बघून म्हणाल्या, "भाकर जाड शे तुन्ही. मन्ही पोरले पातळ लागे."

"हो जिजी," कौसाबाई म्हणाली, "त्या बी मला हेच म्हणायच्या."

जिजींनी दुसरा तुकडा मोडला, आणि तेव्हा कुठे त्यांना रडू फुटलं.