मंगल कार्यालयाच्या वेबसाईटचं उद्घाटन

माझ्या स्वतःच्या वेबसाईटवर ‘ताज्या घडामोडी’ नावाचं एक पान होतं. दर महिन्याला मी तिथं इमानेइतबारे लिहायचो : आमच्या टीमने शिरूरमधील एका ड्रायव्हिंग स्कूलचे संकेतस्थळ नुकतेच पूर्ण केले, द्राक्षाच्या एका रोपवाटिकेचे काम प्रगतिपथावर आहे. टीम म्हणजे मी. शिरूरच्या बाजारपेठेत भांड्यांच्या दुकानावरची एक खोली, एक कंप्युटर, एक लोखंडी कॉट आणि मी. पानाच्या तळाशी किती जण येऊन गेले ते दाखवणारं काउंटर होतं. आकडा वाढला की बरं वाटायचं, मग लक्षात यायचं की आत्ता पान उघडणारे आपणच होतो.

दोन हजार चार-पाचचा सुमार होता. इंटरनेट फोनच्याच वायरीतून यायचं, त्यामुळे नेट चालू असलं की फोन कायम एंगेज. दिवसभर मी सगळ्या जगाशी जोडलेला असायचो आणि मला कुणी फोन करू शकायचं नाही. तसा करणारा माणूस एकच होता, माझे वडील.

त्यांना आम्ही दादा म्हणायचो. आई गेल्यापासून ते दौंडला एकटेच राहत होते. रेल्वेत केबिनमन होते. केबिनमध्ये फोनवर निरोप आला की तो शब्दाशब्दाने परत म्हणून दाखवायचा आणि मगच सिग्नलच्या लिव्हरला हात लावायचा, अशी त्यांची सगळी नोकरी गेली. ती सवय घरातही होती. “येताना मीठ आणा,” असं आई म्हणाली की “येताना मीठ,” असं म्हणूनच ते चपला घालायचे.

माझं काम त्यांना काम वाटत नव्हतं. खोलीत बसून माणूस काय करतो, असा त्यांचा साधा प्रश्न होता. एका मामांनी रांजणगावच्या एमआयडीसीत, स्टोअरमध्ये माझ्यासाठी शब्द टाकून ठेवला होता. दादा म्हणाले, “एकदा तू काय करतो ते दाव मला. पटलं तर मामाला नको म्हणून कळवतो. न्हाई तर एक तारखेपासून कामावर जायचं.” मला राग आला होता. पण त्याहून जास्त, त्यांनी एकदा बघावं असं फार वाटत होतं.

तेवढ्यात केडगावजवळच्या एका मंगल कार्यालयाचं काम पूर्ण झालं. मालकांना सगळे आप्पा म्हणत. रस्त्याकडेची जमीन, तिच्यावर हॉल, आणि हॉलला आता वेबसाईट. मी म्हटलं, एक बटण दाबलं की चालू होईल. आप्पांना ते अजिबात पटलं नाही. “आसं कसं चालू व्हईल, सर? नारळ फोडल्याबिगर आमी बोरची मोटर बी चालू करीत न्हाई. मुहूर्त बघतो.”

मी दादांना बोलावलं. ते दौंडहून शटल गाडीने येऊन केडगावला उतरले, इस्त्रीचा पांढरा शर्ट घालून. मी कंप्युटर गोधडीत गुंडाळून आप्पांच्या जीपमधून नेला होता. स्टेजवर टेबल, मॉनिटरला हळदकुंकू, झेंडूचा हार, पुढे लाल फीत. पडद्यावर हॉलचं पान झळकत होतं. दादा तिसऱ्या रांगेत बसले आणि चष्मा पुसू लागले. इतक्या लांबून त्यांना काय दिसणार, पण पाहुणे गेल्यावर त्यांना जवळ बसवून सगळं दाखवायचं मी ठरवलं होतं.

पाहुणे, म्हणजे भागातले पुढारी, चांगलेच उशिरा आले. तोवर लोडशेडिंगची वेळ झाली आणि लाईट गेली. हॉलचा मोठा जनरेटर दुरुस्तीला गेलेला, छोट्यावर माईक तरी चालणार किंवा कंप्युटर तरी. मी आप्पांकडे आशेने पाहिलं. “माईक बंद करून उद्घाटन?” आप्पा म्हणाले. “लोकं काय म्हंतील?”

पाहुण्यांनी फीत कापली, काळ्याठिक्कर पडद्यासमोर माऊस दाबला, टाळ्या झाल्या. कुणालाही काही कमी वाटलं नाही. मग सत्कार सुरू झाले. मंडपवाले, आचारी, जनरेटरवाले, सगळ्यांना टॉवेल, टोपी आणि नारळ. “वेबसाईटवाल्यांचे वडील,” असा पुकारा झाला आणि दादा गोंधळून वर आले. मला पुकारायचं मात्र राहून गेलं. मी मॉनिटरच्या मागे वायरी गोळा करत होतो.

शटलची वेळ झाली तरी लाईट आली नाही. “दिसलं न्हाई काई,” दादा म्हणाले. एवढंच. टॉवेल-टोपी पिशवीत घालून ते स्टेशनकडे चालू लागले. त्या गर्दीत मला इतकं एकटं वाटलं की जेवायला न थांबता मी जीपमध्ये जाऊन बसलो. स्टोअरची नोकरी आता लागल्यातच जमा होती.

दुसऱ्या दिवशी सकाळपासून मी हॉलचं पान उघडून नुसता बघत बसलो. दुपारी नेट तोडलं, तसा लगेच फोन वाजला.

“सकाळधरनं लावतोय. लाईट आली का?”

“आली, दादा.”

“मंग आता दिसतंय का ते?”

“दिसतंय. पान उघडंच आहे समोर.”

“सांग, काय दिसतंय.”

मी सांगू लागलो. वरती हॉलचा फोटो.

“वर हॉलचा फोटू.”

त्याच्याखाली कार्यालयाचं नाव, लाल अक्षरात.

“खाली नाव. लाल.”

डाव्या बाजूला सोयी, मग पार्किंग, मग केडगाव स्टेशनवरून येण्याचा रस्ता. दादा एकेक ओळ परत म्हणत होते, घाई न करता. माझं काम इतक्या नीट कुणी कधी ऐकून घेतलं नव्हतं.

“आन् सगळ्यात शेवटी?”

“शेवटी बारीक अक्षरात, रचना आणि मांडणी,” मी म्हटलं आणि माझं पूर्ण नाव वाचलं. माझं, मग त्यांचं, मग आडनाव.

या वेळी ते परत म्हणाले नाहीत. मला वाटलं फोन कट झाला.

“मधलं नाव बी टाकलंय?”

“हो, दादा.”

“परत सांग.”

मी परत वाचलं. मग त्यांनी तिन्ही नावं सावकाश म्हटली, त्यातलं त्यांचं जरा हळू.

“मामाला कळवतो,” ते म्हणाले. “पोरगं कामावर हाय म्हून. ठेव आता. तुला कामाचे फोन येत असतील.”

मी फोन ठेवला. येणारा कुणाचाही फोन नव्हता. तरी त्या दिवशी संध्याकाळपर्यंत मी नेट जोडलं नाही.