तीन खाडे

ॲप काढलं तेव्हा मी गावभर मिरवलो, खोटं कशाला बोलू? ऊसतोडीच्या टोळीची हजेरी मुकादमाच्या मोबाईलवर, एवढीच भानगड. माझे आईवडील वर्षानुवर्षं तोडीला गेलेले, त्यामुळे या धंद्यातलं आपल्याला सगळं कळतं असा माझा रुबाब होता.

तोडीला नवरा-बायको मिळून एक कोयता धरतात. दोघांतलं एक जण आलं नाही तरी त्या दिवशी कोयत्याचा खाडा. ते मी तसंच उतरवलं आणि वर स्वतःची अक्कल पाजळली. महिन्यात तीन खाडे झाले की कोयता लाल. मुकादम खूश झाले. लाल कोयत्याला पुढच्या हंगामाला कोणी टोळीत घेईना.

श्रावणात आमच्या तेलगावच्या ऑफिसात गावाकडची एक बाई आली. पंचविशीची असेल. बसा म्हटलं तरी बसली नाही.

"दादा, आमचा कोयता लाल कावून दावतो? आमी काम चुकवीत न्हाई."

मी लॅपटॉप तिच्याकडं वळवला. दर महिन्याला तीन खाडे, एखाद्या महिन्यात चार.

"तीनच कावून धरले?"

"कुठंतरी आकडा धरावा लागतो, ताई."

ती फरशीकडं बघत म्हणाली, "बाईला महिन्याचे तेवढे लागतेतच की. फडात आडोसा न्हाई, पाणी न्हाई. लई दुखतं." मग भाजीचा भाव विचारावा तशा आवाजात तिनं विचारलं, "पिशवी काढून टाकली तर हिरवा होईल का?"

माझ्या आईची गर्भपिशवी तिशीच्या आतच काढलेली. घरात तो विषय कोणी काढत नाही. ज्याचं जळतं त्याला कळतं म्हणतात. माझ्या तर घरातच जळलं होतं, आणि तरी मी तीनचा आकडा टाकून मोकळा झालो होतो. स्वतःची लई लाज वाटली.

"असलं काही करू नका," मी म्हणालो. "दसऱ्याच्या आत तो रंगच काढून टाकतो."

पुण्यात बसणारा माझा भागीदार फोनवर हसला. "अरे, मुकादम ॲप घेतात ते त्या रंगासाठीच. गुंतवणूकदारांची मीटिंग होऊ दे, मग बघू." कोड माझ्या हातात होता. अर्ध्या तासाचं काम. मी म्हणालो, बरं, होऊ दे.

दसऱ्याला घरी गेलो. आई भांडी घासत होती. मान वर न करता म्हणाली, "त्या पोरीनं पिशवी काढली. मग मुकादमानं घेतलं टोळीत." तिला ॲपातलं काय ठाऊक होतं, ते मी अजून विचारलेलं नाही.

मीटिंग हंगामाच्या मध्यावर पडली. पडद्यावर दाखवायला लालाचा हिरवा झालेला एक कोयता हवा होता. शोधायला गेलो तर पहिला तिचाच आला, सुरुवातीपासून एकही खाडा नाही. माझा हात थांबला. भागीदार म्हणाला, "हाच घे, मस्त आहे." घेतला.

समोरच्या साहेबांनी विचारलं, "हा बदल कशामुळे झाला?"

"ॲपमुळे," मी म्हणालो. खोटं नव्हतं ते.