चौदा नंबरचा शिंपी

आमच्या शेजारच्या खोल्यांत एक मिशनरी जोडपं राहायचं. काका पासष्टीपुढचे, काकू थोड्या अलीकडच्या. त्यांच्या देशात काका पाण्याचे पंप दुरुस्त करायचे, काकू शाळेच्या ऑफिसात होत्या. निवृत्त झाल्यावर माणसं नातवंडं सांभाळतात, नाहीतर गुडघे. या दोघांनी दीड वर्ष परदेशात देवाच्या कामाला द्यायचं ठरवलं, आणि मिशनच्या ऑफिसने त्यांच्या हातात बुटाचं खोकं ठेवलं.

खोक्यात कार्डं होती. पूर्वी प्रार्थनेला येणाऱ्या आणि मग यायच्या बंद झालेल्या माणसांची, प्रत्येकाचं एक. दोघांनी जोडीने त्या पत्त्यावर जायचं आणि कार्डावर लिहायचं: भेटला, गाव सोडून गेला, की वारला. खाली शेरा आणि दोघांच्या सह्या. एकट्याने जायचं नाही, एकट्याने सही करायची नाही आणि कार्ड बाहेरच्या कोणाला दाखवायचं नाही.

हा शेवटचा नियम ज्याने केला त्याला एकदा माझ्यासमोर उभं करायला हवं. सत्तावीस वर्षं मी या गल्लीत आहे. कोणाचा नळ गळतो, कोणाचा जावई रुसलाय, सगळं मला तोंडपाठ. आणि ही दोघं रोज साडेसातला माझ्या दारावरून निघायची, काकांच्या खांद्याला पिशवी, काकू चार पावलं मागे, अन् मी विचारलं, "आज कोणाकडे?" की काका नम्रपणे म्हणायचे, "कामावर, ताई."

माझ्या पोटात काही राहत नाही हे त्यांना पहिल्याच आठवड्यात कोणीतरी सांगितलं असणार. खोटं नाही ते, पण राग यायचाच.

दीड वर्षात एकशे बेचाळीस कार्डं संपली. एक राहिलं. घर नंबर चौदा, आणि आमच्या गल्लीत बारानंतर एकदम भिंतच. काकांनी त्या भिंतीला अकरा वेळा भेट दिली. दर वेळी काकूंना घेऊन, कारण नियम.

तिकडे काकूंच्या मुलीचं पहिलं बाळंतपण तोंडावर आलेलं. "मी येते," असा शब्द काकूंनी दिलेला. मुदत संपायला तीन आठवडे होते आणि ऑफिसने कळवलं, खोकं रिकामं झाल्याशिवाय परतीचं तिकीट नाही, मुदत तीन महिन्यांनी वाढेल. त्या संध्याकाळी भिंतीपलीकडून काकूंचा आवाज आला. कान लावायची गरजच नव्हती.

"लिहा वारला म्हणून."

"वारला की नाही, मला माहीत नाही."

"मग लिहा गाव सोडून गेला."

"तेही माहीत नाही."

"तुम्हाला माहीत काय आहे? आपली मुलगी सातव्या महिन्यापासून एकटी आहे, ते तरी माहीत आहे का?"

गप्प बसणाऱ्या नवऱ्याशी भांडण म्हणजे भिंतीला टक्कर, आणि त्यांच्याकडे तर अकरा वेळा पाहिलेली एक भिंत आधीच होती.

दुसऱ्या दिवशी दुपारी काकू माझ्या दारात. मागे काका, पायात चपलाही न घालता, "अगं, थांब," म्हणत.

"थांबून दीड वर्ष झालं," काकू म्हणाल्या आणि कार्ड माझ्या हातात ठेवलं. "या माणसाला ओळखता का?"

मी नाव वाचलं. मग दोघांकडे बघितलं. हसू आवरायचा प्रयत्न केला, जमला नाही.

"हा तर आपला शिंपी. बारा वर्षांपूर्वी नगरपालिकेने गल्लीचे नंबर बदलले. जुना चौदा म्हणजे आत्ताचा नऊ."

"नऊ म्हणजे..." काका थांबले.

"म्हणजे तुम्ही. तुमच्याच खोल्यांत राहायचा तो. तुम्ही ज्या टेबलावर जेवता ते त्याचं कापड कापायचं टेबल. जड होतं म्हणून टाकून गेला. कडेला कात्रीच्या खाचा आहेत बघा."

काकूंनी कपाळाला हात लावला. ती सगळी कार्डं त्यांनी त्याच टेबलावर लिहिली होती.

शिंपी मुलाकडे दुसऱ्या शहरात राहतो. मुलाचा नंबर माझ्याकडे होता, असणारच. काकांनी फोन लावला. म्हातारा ठणठणीत. टेबल डुगडुगतं का, एवढंच त्याने तीनदा विचारलं.

झालं की नाही काम? नाही. काकांनी कार्डावर "गाव सोडून गेला, फोनवर बोललो" असं लिहिलं आणि खाली शेऱ्याच्या रकान्यात लिहायला घेतलं: "पत्नीने नियम मोडून कार्ड शेजारणीला दाखवले."

"हे लिहिलंत तर मी सही करणार नाही," काकू म्हणाल्या.

"न लिहिता मी करणार नाही."

"अहो काका, दीड वर्षांपूर्वीच मला विचारलं असतंत तर," मी मध्ये तोंड घातलं, "आतापर्यंत अर्धं खोकं मी घरबसल्या संपवलं असतं."

माझ्याकडे कोणी बघितलंही नाही. शेवटी काकूंनी सही केली. पेन असं दाबलं की कार्ड फाटता फाटता राहिलं. कार्ड ऑफिसला गेलं आणि तीन दिवस दोघांत अबोला. चौथ्या दिवशी काकांनीच ऑफिसला फोन केला, त्या शेऱ्याबद्दल काय कारवाई होणार ते विचारायला. पलीकडचा पोरगेलासा साहेब मोठ्याने बोलायचा, मला दारातून ऐकू आलं.

"कुठला शेरा? ते रकाने इथे कोणी वाचत नाही हो काका. कार्डं मोजून कपाटात ठेवतो. तिकिटं पाठवतोय."

काकांनी फोन ठेवला. टेबलाच्या खाचेवरून बोट फिरवत बसले. एकशे त्रेचाळीस शेरे, एकेका वाक्यासाठी दोन दोनदा जिने चढलेला माणूस. मला पहिल्यांदाच काही चेष्टा सुचेना.

"तिकिटं येताहेत ना? मग वरची बॅग काढा," काकू म्हणाल्या.

काकांनी बॅग काढली. पण आधी बसून ऑफिसला दोन पानी पत्र लिहिलं, की वाचायचे नसतील तर रकाने छापता कशाला. मग सवयीने कागद काकूंपुढे सरकवला.

काकूंनी तो न वाचताच सही केली.